दुखत नाही, म्हणून येत नाही

खुबा किंवा गुडघा बदलून घेतलेल्यांशी आज बोलायचंय, त्यातही ज्यांचं काहीच दुखत नाही अशांशी. दुखणारे आपण होऊन येतात.

घरी जातं होतं त्यांना आठवत असेल, टाकी लावली की पहिलं दळण खात नसत. दगडाची कचकच लागायची. कृत्रिम खुबा म्हणजे जातंच, एक भाग दुसऱ्यावर फिरतो. धातूवर धातू फिरणाऱ्या खुब्यातही झीज पहिल्या वर्षी अधिक, मग कमी. पण जात्याचं पीठ सुपात भरून घेता येतं, झिजेचं हे पीठ हाडालगत साठतं. कोबाल्ट-क्रोमियमचे कण तर बहुतेक मिलिमीटरच्या वीस हजाराव्या भागाहूनही बारीक.

साफसफाई करणाऱ्या मॅक्रोफेज पेशी हे कण गिळतात. धातू पचत नाही, मग त्या टीएनएफसारखी दाह वाढवणारी रसायनं सोडत राहतात. त्यांनी हाड विरघळवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी चेकाळतात. हाड बांधणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट पेशीही कण गिळून बसतात आणि त्यांचं काम मंदावतं. मोडणं वाढतं, बांधणं घटतं. हाडात बसवलेला कृत्रिम सांध्याचा खुंटा शाबूत असतो हो, पण त्याचं भोक मोठं झालं की तो हलणारच!

हे वर्षानुवर्षं चालतं आणि बहुतेकदा खुंटा हलेपर्यंत दुखत नाही. पुन्हा सांगते, दुखत नाही. 'छान चालतेय की मी, कशाला येऊ?' असं म्हणणाऱ्या आजींवर मी म्हणूनच रागावते.

असं पूर्वीही झालंय. इंग्लंडात शस्त्रक्रियातज्ज्ञ जॉन चार्नली यांनी १९५८च्या सुमारास खुब्यात टेफ्लॉनची वाटी बसवायला सुरुवात केली. माणसं चालू लागली, खूश झाली. काही वर्षांत झिजलेल्या कणांपायी हाडं पोखरली आणि वाट्या काढाव्या लागल्या. चार्नलींनी टेफ्लॉन स्वतःच्या मांडीत घालून पाहिलं, तिथेही गाठी आल्या. १९६२ साली ते पॉलिथिलीनकडे वळले. त्याचेही कण पडतातच, म्हणून प्लास्टिकची वाटी असणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. धातूवर धातूचा एएसआर नावाचा खुबा तर २०१० साली जगभरातून परत घेतला गेला. भारतातही तो पुष्कळांना बसवला होता. अशांनी रक्तातलं कोबाल्ट तपासावं.

तर दुखत नसलं तरी डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला एक्स-रे काढा. येताना जुनी फिल्म आणा. दोन्ही शेजारी धरल्याशिवाय खुंट्यालगत हाडाच्या कडेला दिसणारी काळी रेघ रुंदावली का, ते कळत नाही.