मूळव्याध : संकोच आणि उपचार

आजचा विषय चारचौघांत काढण्यासारखा नव्हे, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटेल. पडसे, खोकला, गुडघेदुखी यांच्या गोष्टी आपण ओसरीवर बसून खुशाल करतो. मूळव्याधीचे नाव निघाले की माणसे खाली पाहू लागतात. घरातल्या घरातही पत्नी पतीपासून आणि बाप मुलापासून ही गोष्ट लपवितो. ह्या संकोचामुळे साधा आजार बळावतो. आणि कधी कधी तर मूळव्याधीहून भयंकर अशा रोगाला मूळव्याध समजून मोलाचा काळ वाया जातो. म्हणून ह्या विषयावर थोडे मोकळेपणाने बोलणे अगत्याचे आहे.

ही व्याधी आजकालची नव्हे. सुश्रुताने ज्या आठ रोगांना महाव्याधी म्हटले, त्यांत अर्श म्हणजे मूळव्याध आहे. आणि तिच्यावर औषध, क्षार, अग्नी व शस्त्र असे चार उपाय त्याने सांगितले आहेत. म्हणजे शस्त्राची पाळी येण्यापूर्वी इतर मार्ग आहेत, ही गोष्ट आपल्या पूर्वजांना ठाऊक होती.

मूळव्याध म्हणजे नेमके काय? गुदद्वाराच्या आतील बाजूस रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकाला जन्मतः असतात. मळ रोखून धरण्यास त्या साहाय्य करतात. वारंवार कुंथण्याने, मलावरोधाने, जड ओझी उचलण्याने किंवा गरोदरपणातील दाबाने त्या फुगतात व खाली सरकतात. आतील मूळव्याधीत बहुधा वेदना नसते. मात्र शौचाच्या वेळी लाल भडक रक्त पडते. बाहेरच्या मोडात रक्त गोठले म्हणजे ठणका लागतो. शौचाच्या वेळी सुरीने कापल्यासारखी वेदना होत असेल, तर ती पुष्कळदा मूळव्याध नसून त्या जागेची भेग असते. भगंदर हा आणखी तिसराच विकार. तिघांनाही आपण सरसकट मूळव्याध म्हणतो, आणि तेथूनच चुकीच्या उपचाराला प्रारंभ होतो.

आता आपल्या आदिलाबाद जिल्ह्याकडे वळू. पैनगंगेच्या ह्या काठावर, बेला आणि जैनद ह्या भागांत, कापूस हे मुख्य पीक. वेचणीच्या दिवसांत स्त्रिया सकाळी घराबाहेर पडतात, त्या दिवस मावळताना परततात. शेतात आडोसा नसतो. म्हणून पाणी बेताने प्यायचे आणि शौचाची इच्छा झाली तरी दाबून धरायची, अशी सवय लागते. दाबलेला मळ आतड्यात राहिला की त्यातील पाणी शोषले जाते, तो कठीण होतो, आणि दुसऱ्या दिवशी कुंथावे लागते. उन्हाळ्यात तर येथला पारा चाळीस अंशांच्या बराच वर चढतो. घामावाटे पाणी जाते आणि तोच परिणाम होतो. लोक त्याला ‘उष्णता वाढली’ असे म्हणतात. त्यात तथ्य एवढेच की शरीराला पाणी कमी पडले.

आहारही बदलला. १९८३ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशात दोन रुपये किलोने तांदूळ मिळू लागला. गरिबाच्या घरी दोन वेळा भात शिजू लागला, ही समाधानाची गोष्ट होती. परंतु पांढऱ्या सडलेल्या तांदळात ज्वारीच्या मानाने चोथा फार थोडा. भात सोडा असे मी म्हणत नाही. एका वेळी ज्वारीची भाकरी, तिच्याबरोबर अंबाडी, मेथी अशी एखादी पालेभाजी, सालीसकट डाळ आणि पेरू किंवा पपई एवढे पानात असू द्या. प्रौढ माणसाला दिवसाला पंचवीस ते तीस ग्रॅम चोथा लागतो. तो हळूहळू वाढवावा. एकदम वाढविल्यास पोट फुगते. त्याच्या जोडीला पाणी भरपूर हवे. ठेच्याने मूळव्याध होत नाही. मात्र झालेली असता आग वाढते, म्हणून त्या दिवसांत हात आखडावा.

शौचाची इच्छा झाली की टाळू नये, आणि इच्छा नसता जोर करून बसू नये. पाच मिनिटांत काम झाले नाही तर उठावे. अलीकडे भ्रमणध्वनी हातात घेऊन अर्धा तास बसणारे तरुण वाढले आहेत. ते आपल्या हाताने हे दुखणे ओढवून घेतात. खुर्चीसारखे शौचकूप असेल तर पायांखाली छोटा पाट ठेवावा.

दुकानात चिठ्ठीवाचून मिळणाऱ्या औषधांत ईसबगोल सर्वांत भरवशाचे. एक-दोन चमचे पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यावे व वर आणखी पाणी घ्यावे. पाण्यावाचून ते गिळणे धोक्याचे आहे. गुण यायला दोन-तीन दिवस लागतात. जागा दुखत असेल तर घमेल्यात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटे दिवसातून दोन-तीन वेळा बसावे. ह्यासारखा स्वस्त उपाय नाही. मलमांनी खाज आणि वेदना शमते, मूळ कारण जात नाही. स्टेरॉइड असलेले मलम आठवड्याहून अधिक काळ लावू नये. त्याने कातडी पातळ होते. तीव्र जुलाबाची औषधे रोज घेऊ नयेत. गरोदर स्त्रियांनी कोणतेही औषध विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि बाजाराच्या दिवशी ‘एका सुईत मोड गळून पडेल’ असे सांगणाऱ्याच्या हाती आपले शरीर देऊ नये. अशा दाहक औषधांनी जखम चिघळते, आणि मार्ग अरुंद होऊन जन्माचे दुखणे मागे लागते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. रक्त पडते म्हणजे मूळव्याधच, हा समज सोडा. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही रक्त पडते. आठवडाभर उपाय करूनही रक्त थांबले नाही, मळ काळा झाला, शौचाची नेहमीची रीत बदलली, वजन उतरले, किंवा वय पंचेचाळिशीच्या पुढे असता प्रथमच रक्त दिसले, तर डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. ताप व असह्य ठणका असेल, किंवा रक्त पुष्कळ जाऊन चक्कर येत असेल, तर त्याच दिवशी जावे. थेंबथेंब रक्त महिनोन्‌महिने गेले तरी पंडुरोग होतो. आधीच रक्त कमी असलेल्या आपल्या कितीतरी आयाबहिणी त्या थकव्याला कामाचा शीण समजून गप्प राहतात.

तपासणी काही मिनिटांची असते. आरंभीच्या अवस्थेतील मोडाला रबराचे कडे घालून तो गाळता येतो. शस्त्रक्रिया थोड्यांनाच लागते. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी जावे. पुढील उपचारांसाठी आदिलाबाद शहरात २००८ पासून वैद्यकीय महाविद्यालयाचे सरकारी रुग्णालय आहे. भाषेची अडचण वाटत असेल तर तेलुगूत ह्या व्याधीला ‘मोललु’ आणि उर्दूत ‘बवासीर’ म्हणतात, एवढे ध्यानात ठेवा. स्त्रियांनी स्त्री डॉक्टर किंवा परिचारिका जवळ असावी असे निःसंकोच सांगावे.

श्रोतेहो, ताटातली भाकरी, पेलाभर पाणी आणि वेळेवर उठण्याची सवय ह्यांनी हा आजार बहुतांशी दूर ठेवता येतो. मात्र तो झालाच, तर घरातील एका तरी माणसाला सांगा. आणि घरात कोणी सांगितले तर हसू नका, त्याला घेऊन डॉक्टरांकडे चला.