देवीची हकालपट्टी : कोणी आणि कशी?



जगापुढील संकटे सर्वांनी मिळून निवारावीत, हे वाक्य आपण इतक्या सभांतून ऐकतो की त्याचा अर्थ मनापर्यंत पोहोचतच नाही. 'सर्वांनी' म्हणजे कोणी, आणि 'मिळून' म्हणजे कसे? याचे एक उदाहरण आपल्यातील वडीलधाऱ्यांच्या दंडावर आजही उमटलेले आहे. देवी काढल्याची खूण!

देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा करावा, ही सूचना 1958 साली जागतिक आरोग्य परिषदेत मांडली सोव्हिएत रशियाच्या झ्दानोव यांनी. 1967 मध्ये मोहिमेला खरा जोर आला, तेव्हा तिचे प्रमुख झाले हेंडरसन, म्हणजे अमेरिकन. ही दोन राष्ट्रे त्या काळी एकमेकांवर अण्वस्त्रे रोखून बसली होती! रशियाने लशीच्या कोट्यवधी मात्रा फुकट दिल्या. उष्ण देशांत टिकेल अशी सुकवलेली लस इंग्लंडात कॉलियर यांनी सिद्ध केली होती. दोन टोकांची सुई वायेथ या अमेरिकन औषध कंपनीतील रुबिन यांची. तिच्यामुळे सुमारे चौथाई लशीत काम भागू लागले, आणि कंपनीने तिच्यावरचे स्वामित्वशुल्क सोडून दिले.

ही मंडळी एकाएकी साधुसंत झाली होती असे नव्हे. घरी रोग नसतानाही अमेरिकेला लस टोचण्यावर दरसाल मोठा खर्च करावा लागे. स्वार्थ प्रत्येकाचा होता. पण 'रोगी उरला की नाही' हे माप सर्वांनी मान्य केले होते, आणि ते फसवता येण्यासारखे नव्हते.

आता आपल्या देशाकडे वळू. 1974 साली भारतात सुमारे 1 लाख 88 हजार लोकांना देवी आल्या. त्यांतील बहुसंख्य बिहारात. जमशेदपूरच्या रेल्वे स्थानकावरून प्रवाशांबरोबर रोग दूरदूर जाऊ लागला, तेव्हा टाटांच्या कारखान्याने डॉक्टर, माणसे आणि गाड्या मोहिमेला दिल्या. सरकार, कारखाना, परदेशी तज्ज्ञ, सारे एकत्र आले. परंतु रोगी कोणत्या झोपडीत आहे, हे यांपैकी एकालाही ठाऊक नव्हते!

ते ठाऊक होते गावकऱ्याला. म्हणून कार्यकर्ते रोगी बालकाचे चित्र घेऊन बाजारांत, शाळांत हिंडले. खबर देणाऱ्याला बक्षीस ठेवले. ते पुढे 1000 रुपयांपर्यंत गेले. जिनिव्हातल्या ठरावाचे भवितव्य असे शाळकरी पोरांच्या उत्तरावर येऊन ठेपले होते.

पण याच गावकऱ्याला निर्णयात स्थान किती होते? देवीचा कोप मानणाऱ्या काही घरांत रात्री दार फोडून, माणसांना धरून लस टोचल्याच्या नोंदी आहेत. रोग गेला म्हणून हे झाकावे, असे मला वाटत नाही. ज्याच्या सांगण्यावाचून मोहीम एक पाऊल पुढे जात नव्हती, त्यालाच ती शत्रू समजली. आणि धाकाने माणूस रोगी दाखवत नाही, लपवतो.

मे 1975 मध्ये भारतात शेवटचा रोगी सापडला, आणि 8 मे 1980 रोजी जग देवीमुक्त जाहीर झाले. विषाणू मात्र अमेरिकेत अटलांटा आणि रशियात कोल्त्सोवो येथील प्रयोगशाळांत जपून ठेवलेला आहे. तो नष्ट करण्याची तारीख अनेकदा ठरली आणि अनेकदा पुढे ढकलली गेली.