रुळासाठी यंत्र थांबवू नका

(सेलू येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेलूच्या बैठकीत कापसावर बोलायचे, हा आपला रिवाज. आज मी लाकडावर बोलणार आहे आणि त्यातही ॲल्युमिनियमच्या एका रुळावर. विषय लहान आहे. पण शेतकऱ्याचे घोडे अडते ते अशाच लहान जागी.

आपल्या भागातल्या एका गटाने ओंडके कापायचे फिरते यंत्र घेतले. पेट्रोलवरची साखळीची करवत, म्हणजे चेन सॉ, एका गाड्यावर बसवलेली असते. गाडा रुळावरून ओंडक्याच्या लांबीने सरकवायचा, की झाड पडले तिथेच फळी निघते. अमेरिकेत अलास्कन मिल, स्वीडनमध्ये लोगोसोल, अशी याच कुळातली यंत्रे तिकडचे शेतकरी वापरतात. इथे काय झाले? लिंबाचा ओंडका घरंगळला, रूळ वाकला. विक्रेता सांगतो, सुटा रूळ मिळत नाही. पूर्ण संच घ्या, नाहीतर थांबा. यंत्र गोठ्यात पडून आहे, आणि बांधावरची बाभूळ पुन्हा जळणाच्या भावाने निघाली आहे.

या थांबण्याची किंमत मोजा. आठ फूट लांब आणि चार फूट घेराचा ओंडका घ्या. लाकडाच्या व्यापारात चौथाई घेराने मोजतात. घेराचा चौथा भाग एक फूट. त्याचा वर्ग करून लांबीने गुणले की आठ घनफूट. खरे लाकूड मात्र दहा घनफुटांहून थोडे जास्त असते. उरलेले दोन घनफूट चौरस करताना वाया जातात, असे धरलेले असते. पण त्या कडेच्या फळ्या आणि तो भुसा राहतो कोणाकडे? आरागिरणीत. ओंडका शेतात कापला तर गोठ्याचे कूड आणि चुलीचे जळण तरी घरात राहते.

शरद जोशींनी १९९१ साली चतुरंग शेती मांडली. सीताशेती, माजघरशेती, व्यापारशेती, निर्यातशेती. माजघरशेती म्हणजे पिकलेल्या मालावर घरच्या घरी प्रक्रिया. आपण तिचा अर्थ डाळ, पापड, लोणचे एवढाच लावला. ओंडक्याची फळी करणे हीसुद्धा माजघरशेतीच. पण सुट्या भागासाठी दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागत असेल, तर यंत्र घेऊनही आपण परावलंबीच.

म्हणून रूळ म्हणजे काय, ते समजून घेऊ. त्यात गुपित काही नाही. रूळ सरळ हवा, ताठ हवा आणि दोन माणसांना उचलता यावा इतका हलका हवा. कोणी म्हणेल, जालना लोखंडाचे गाव, तिथून लोखंडी पाईप आणू. हिशेब करा. ८० बाय ४० मिलिमीटरचा, ३ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाईप ॲल्युमिनियमचा असेल तर मीटरला सुमारे १.८५ किलो भरतो; लोखंडाचा ५.४ किलो. बारा फुटांचे दोन रूळ ॲल्युमिनियमचे साडेतेरा किलो, लोखंडाचे एकोणचाळीस. बांधाबांधाने फिरायचे तर हा फरक खांद्याला कळतो.

ॲल्युमिनियमचा दोष असा की त्याचा ताठपणा लोखंडाच्या एक तृतीयांश. यावर उपाय आकारात आहे. तोच ८० बाय ४० चा पाईप आडवा न ठेवता उभा ठेवला, तर तो तिप्पट ताठ होतो. नांगराचा इसाड सुतार उभा का धरतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. शिवाय दर चार फुटांवर टेकू द्या.

आता खरेदी. खिडक्यांचे काम करणाऱ्या दुकानात ॲल्युमिनियमचे सेक्शन किलोवर मिळतात. पण तिथला एक-दीड मिलिमीटरचा पातळ सेक्शन घेऊ नका, तो चेपतो. जाड पाईप धातूच्या मोठ्या व्यापाऱ्याकडे मागा. मागताना नाव घेऊन मागा. बाजारात एचई ९ आणि एचई ३० म्हणतात. एचई ९ म्हणजे जगात ज्याला ६०६३ म्हणतात ते, खिडकीच्या कामाचे. एचई ३० त्याहून मजबूत. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाण्यासारख्या औद्योगिक वसाहतींच्या भंगार बाजारातही चौकशी करा. मोडीत निघालेल्या यंत्रांचे खाचांचे जाड सेक्शन भंगारात येतात, आणि त्या खाचांत बोल्ट सरकवून गाडा बसवता येतो.

कंपनीच्या रुळासारखाच आकार हवा, हा हट्ट सोडा. तसा सेक्शन काढायला नवा साचा लागतो, आणि कारखाना किमान काही मालाची मागणी घातल्याशिवाय साचा लावत नाही. आपल्याला लागतात दोन रूळ. म्हणून बाजारातला पाईप घ्या आणि जुन्या रुळाची मापे व्हर्निअरने घेऊन फक्त गाड्याची पट्टी बदला. ते काम तालुक्याचा टर्नर करतो.

घेण्याआधी सरळपणा तपासा. सपाट फरशीवर रूळ ठेवून कडेने रेघ ओढा. मग रूळ उलटून त्याच दोन टोकांना लावा आणि पुन्हा रेघ ओढा. दोन रेघांत जितके अंतर, त्याच्या निम्मा वाक. बारा फुटांत एका सुताहून जास्त वाक असेल तर परत करा. रूळ वाकडा तर फळी वाकडी.

तीन गोष्टी टाळा. वाकलेला रूळ गॅसने तापवून सरळ करू नका. तापवलेल्या जागी त्याची ताकद जाते, आणि ॲल्युमिनियम लोखंडासारखे लाल होऊन इशाराही देत नाही. त्याच कारणाने जोड वेल्डिंगने देऊ नका. आत पट्टी घालून बोल्ट लावा. आणि रूळ लोखंडी चौकटीवर दोन्ही टोकांना घट्ट आवळू नका. सकाळच्या गारव्यातून दुपारच्या उन्हात पंचवीस अंशांचा फरक पडला, तर बारा फुटांचा रूळ चौकटीपेक्षा एक मिलिमीटर जास्त वाढतो. एका टोकाचे भोक लांबट ठेवा.

यंत्राची दुसरी बाजूही सांगतो. चेन सॉची साखळी सुमारे ९ मिलिमीटर लाकूड खाते, बँड सॉचे पाते सुमारे २. एक इंची फळ्या काढल्या तर चौथा हिस्सा भुसा होतो. म्हणून तुळया, खांब, जाड फळ्या इथे काढा; पातळ फळ्यांसाठी गिरणीच बरी.

राहता राहिला कायदा. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या यादीत आंबा, चिंच, जांभूळ, साग ही झाडे आहेत. ती स्वतःच्या शेतातली असली तरी तोडायला परवानगी लागते. आरागिरण्यांवर गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बंधने घातली. ३० ऑक्टोबर २००२ च्या आदेशानंतर नव्या गिरणीला केंद्रीय समितीची परवानगी लागू लागली, आणि २०१६ पासून ते काम राज्यस्तरीय समितीकडे आले. आपले फिरते यंत्र गिरणी ठरते की शेतीचे अवजार, हे ठरवायला वनखात्याच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि लेखी उत्तर घ्या. तोंडी 'चालते' वर विसंबून दुसऱ्यांचे ओंडके भाड्याने कापू नका. उत्तर आपल्या विरोधात आले, तर ती आपली पुढची लढाई. वनाबाहेरच्या बांबूला वृक्षाच्या व्याख्येतून सुटायला २०१७ साल उजाडले. पण तो सुटला.

१९८४ साली परभणीला संघटनेचे अधिवेशन भरले, तेव्हा भावाची लढाई होती. ती संपलेली नाही. पण भावाबरोबर तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्यही मागायचे, तर ते आधी हातात धरता आले पाहिजे. ज्या गटांकडे असे यंत्र आहे, त्यांनी बैठक संपल्यावर रुळाची मापे इथे टेबलावर लिहून द्यावीत. सर्वांचा माल एकदम घेऊ, म्हणजे व्यापारी आपल्याशी किलोच्या भावात बोलेल.