कॅथलिक हे ख्रिस्तीच
'तुम्ही ख्रिश्चन की कॅथलिक?' असा प्रश्न वसईच्या माणसाला अनेकदा ऐकावा लागतो. मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. जगातले निम्मे ख्रिस्ती कॅथलिक आहेत.

इ. स. 325 मध्ये निकेया इथे धर्मसभा भरली. येशू हा देवाचा पुत्र आणि स्वतः देव आहे, हे तिथे ठरलं आणि श्रद्धाविधानात मांडलं गेलं. 381 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या सभेने त्या श्रद्धाविधानाला पूर्ण रूप दिलं. आज कॅथलिक ते प्रार्थनेत म्हणतात, आणि अनेक प्रोटेस्टंट चर्चमध्येही ते म्हटलं जातं. बाप्तिस्माही पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानेच होतो.

मग कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात वाद कशाचा? पोपचा अधिकार, मरियेची आणि संतांची भक्ती, आणि माणसाचं तारण कशाने होतं, हा सर्वांत खोल प्रश्न. 1517 मध्ये धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने कॅथलिक चर्चविरुद्ध आवाज उठवला, त्यानंतर युरोपात या मतभेदांपायी रक्तही सांडलं. हे मतभेद खरे आहेत, क्षुल्लक तर मुळीच नाहीत. पण ते एकाच घरातले आहेत.

कॅथलिक मात्र स्वतःला अनेक पंथांपैकी एक म्हणवून घेत नाहीत. प्रेषितांपासून अखंड चालत आलेलं चर्च आपलंच, असं ते मानतात. तरी कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने 1964 मध्ये इतर बाप्तिस्माप्राप्त ख्रिस्ती लोकांना बंधू म्हटलं. आणि 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतल्या ऑग्सबुर्ग इथे कॅथलिक आणि ल्यूथरन प्रतिनिधींनी तारणाविषयीच्या संयुक्त निवेदनावर सह्या केल्या.