मुंबईहून लंडन किती लांब?

मोसम नदीच्या काठच्या आमच्या नामपुरात कांद्याच्या भावाखालोखाल हल्ली परदेशस्थ मुलाबाळांची विचारपूस होते, आणि लंडन किती लांब असे कोणी विचारले, तर उत्तर मैलांत वा किलोमीटरांत न येता ‘नऊ-दहा तास’ असे बिनदिक्कत तासांत येते. अंतर विचारावे आणि काळ सांगावा, हा व्यवहार वाटतो तितका निर्धोक नाही.

मुंबई ते लंडन हे हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. शाळेच्या भिंतीवरील नकाशावर पट्टी ठेवल्यास रेघ इराणच्या आखाताकडून तुर्कस्तानावर जाते. परंतु पृथ्वीच्या गोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो पाकिस्तान, इराण, कॅस्पियन व काळा समुद्र ओलांडून युक्रेनवरून जातो, आणि खरे निकटतम अंतर तेच. दुर्दैव असे की, या सरळ वाटेवरील युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्धामुळे प्रवासी विमानांना बंद झाले, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपल्या मुलुखावरून जाण्यास मज्जाव केला. भूगोल जागच्या जागी राहिला; वळसा मात्र वाढला, आणि वळशाचे इंधन व त्याचे दाम अखेर प्रवाशाच्याच माथी येतात.

त्यात वाऱ्याचे राजकारण निराळे. सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वायुप्रवाह वाहत असल्यामुळे लंडनला जाताना विमान वाऱ्याशी झगडते, आणि परतताना त्याच्याच साहाय्याने साधारणतः तासभर लवकर पोहोचते. म्हणजे अंतर एकच असूनही जाण्याचा काळ एक, येण्याचा दुसरा.

आणि हा काळ पिढीगणिकही बदलत आला आहे. एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन जातीचे विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून निघाले, तेव्हा कैरो व जिनिव्हा येथे विसावा घेत लंडन गाठण्यात अहोरात्र खर्ची पडे, आणि बोटीने सुएझमार्गे दोन-तीन आठवडे घालविणाऱ्या पिढीस तीही जादूच वाटली.

आता आमच्या गावचा हिशेब. नामपूरहून सटाणा, देवळा, भावडबारीचा घाट, मग सोग्रस फाट्याला आग्रा रोड, पुढे नाशिक आणि कसारा घाट, असा तीनशे किलोमीटरांच्या आतबाहेरचा रस्ता मुंबईच्या विमानतळापर्यंत सहा-सात तास घेतो. तेथे पासपोर्ट, तपासणी व सामान यांसाठी तीन तास आधी हजर राहावे लागते. आणि उड्डाणाचे नऊ-दहा तास त्यानंतर मोजावयाचे. बेरीज वीस तासांकडे झुकते, म्हणजे पंच्याहत्तर वर्षांपूर्वी मुंबईकराला जो वेळ लागे, त्याहून नामपूरकर फारसा पुढे गेलेला नाही. आणि भावडबारीत एखादा कांद्याचा ट्रक आडवा झाला, तर तेवढेही अंतर उरत नाही.