परक्या संगणकात आपली खोली

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)

श्रोतेहो, कविता करणाऱ्या माणसाने संगणकावर बोलावे याचे तुम्हाला नवल वाटेल. पण माझ्या ४१ कविता जुन्या फायलींत अडकून पडल्या होत्या, म्हणून बोलतो.

२००० साली मी लातूरहून एक संगणक आणला. त्यात विंडोज ९८ होते आणि मराठी टंकलेखनाचे एक पॅकेज. कविता त्यात उतरवल्या, फ्लॉप्यांवर साठवल्या आणि निर्धास्त झालो. पुढे वह्या वाळवीने खाल्ल्या, संगणकही बंद पडला. दुकानदाराने फ्लॉप्यांवरचे पेनड्राइव्हवर घेऊन दिले, पण ते उघडेना. त्या काळचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेले असत. फॉन्ट नसला की ओळीच्या जागी नुसती अक्षरांची खिचडी. बरे, ते पॅकेज पुन्हा बसवावे तर ते १६ बिटांचे. आजचे ६४ बिटांचे विंडोज अशा प्रोग्रामला दारातही उभे करीत नाही.

दिवाळीत भाचा नांदेडला आला. म्हणाला, "मामू, जुनी विंडोजची सीडी आहे ना? मग झालं." घरी संगणक नाही, होता तो माझ्या कचेरीतला. त्यावर काहीही बसवायचे तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लागतो, आणि तो मुंबईला. आमच्याकडे निजामाच्या अमलापासून 'मुखत्यारी' हा शब्द रुळलेला आहे. ती आमच्याकडे नव्हती. साहेबांना विचारले. ते म्हणाले, सुट्टीच्या दिवशी बसा, पण मशीनमध्ये काही बसवू नका. हे विचारणे महत्त्वाचे. कित्येक कचेऱ्यांत बाहेरचा प्रोग्राम चालूच देत नाहीत, आणि व्हायरसचा अनुभव घेतलेल्याला त्यात गैर वाटणार नाही.

लातूरला शिकायला आलेली मुले भाड्याच्या खोलीत राहतात. भिंतीत खिळा ठोकायचा तर मालकाची परवानगी हवी; खाट टाकून मच्छरदाणी लावायला नको. भाच्याने तेच केले. क्यूएमू नावाचा मोफत प्रोग्राम आहे. फाब्रिस बेलार या फ्रेंच माणसाने तो २००३ मध्ये प्रथम दिला. तो न बसवता पेनड्राइव्हवरून चालतो आणि आपल्या पोटात एक अख्खा संगणक असल्याचे सोंग वठवतो. त्या आतल्या संगणकाची हार्ड डिस्क म्हणजे बाहेरून पाहिले तर एक साधी फाइल. आत विंडोज ९८ बसवले, तिथे मालक आम्हीच! बाहेरच्या मशीनला त्याचा पत्ता नाही. ही कल्पनाही नवी नव्हे. एकच मोठे यंत्र अनेकांना आपापले वाटावे म्हणून आयबीएमने १९७२ मध्ये अशीच व्यवस्था बाजारात आणली होती.

मुखत्यारी नसल्याची किंमत मात्र मोजावी लागते. वेगवान मार्गासाठी प्रोसेसरची खास सोय वापरावी लागते, आणि ती सुरू करायला, निदान विंडोजवर, पुन्हा पासवर्डच आडवा येतो. त्यावाचून क्यूएमू आतल्या संगणकाच्या आज्ञा दुभाष्यासारखा उलगडून बाहेरच्या प्रोसेसरला समजावत बसतो. दुभाषी आला की बोलणे लांबतेच. (मी घरी दखनी बोलतो आणि मराठीत लिहितो, मला हे कुणी सांगायला नको.) विंडोज ९८ उघडेपर्यंत आम्ही वजिराबादेत चहा पिऊन आलो. कवितेला तेवढी गती पुरे. व्हिडिओ पाहणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

दुपारी पहिली फाइल उघडली. अक्षरे जशी होती तशी, काना-मात्रेसह. ती फाइल युनिकोडमध्ये नेणारे साधन आम्हाला मिळाले नव्हते, म्हणून भाच्याने पडद्याचे चित्र घेतले. मी वाचत गेलो, तो टंकत गेला. मध्येच एका शब्दाशी तो थांबला. "मामू, हे असंच लिहिलं होतं तुम्ही?" होय, चूक माझीच, पंचवीस वर्षांपूर्वीची. ती तशीच ठेवली.

असे तीन रविवार गेले. ३७ कविता मिळाल्या. उरलेल्या चार ज्या फ्लॉपीवर होत्या ती दुकानदाराकडेच वाचली गेली नव्हती, आणि तिथे कुठल्याही संगणकाचे सोंग उपयोगी नव्हते. त्यांतल्या एकीचे पहिले कडवे मला आठवते. दुसरे अजून जुळत नाही.