बारा पोती धान्य

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



समितीने मला ‘बँकेतील अनुभव’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. छत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पैशांची बेरीज केली, त्यात तुम्हाला काय गंमत वाटणार? म्हणून परवानगी घेऊन विषय बदलला आहे. आज मी एका युद्धाबद्दल बोलणार आहे. त्यात मी सेनापती होतो आणि माझा पराभव झाला.

मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघं इंग्लंडला मुलाकडे तीन महिने होतो. चार वाजताच अंधार पडायचा, बाहेर पाऊस. नातू चौदा वर्षांचा. पहिले आठ दिवस ‘हाय आबा, बाय आबा’ एवढाच आमचा संवाद. एका शनिवारी त्याने जेवणाचं टेबल रिकामं करून त्यावर हिरवं कापड पसरलं. कापडाखाली पुस्तकं सरकवली, टेकड्या तयार झाल्या. निळ्या कागदाची पट्टी म्हणजे नदी, स्पंजचे तुकडे म्हणजे झाडं. मग खोक्यातून अंगठ्याच्या पेराएवढे रंगवलेले शिपाई निघाले. मला आपल्या दिवाळीतला किल्लाच आठवला. आपण मातीचे मावळे मांडतो आणि आळीव उगवायची वाट बघतो. ही मुलं मांडतात आणि लढतात.

हा पोरखेळ आहे असं समजू नका. याचं मूळ आपल्याकडे आहे. चतुरंग आपला, म्हणजे हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. तो इराणमार्गे युरोपात जाऊन बुद्धिबळ झाला. १७८० साली जर्मनीत हेलविग नावाच्या शिक्षकाने बुद्धिबळाचा पट मोठा करून त्यावर डोंगर-नद्या आणल्या. १८२४ साली राइसविट्झ या प्रशियन अधिकाऱ्याने नकाशावरचा खेळ सिद्ध केला; त्यात फासे आले, पंच आला. तो खेळ प्रशियाच्या सैन्याने अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी घेतला. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणारा स्टीव्हन्सन स्वित्झर्लंडमध्ये दावोसला हवापालटासाठी होता, तेव्हा माळ्याच्या जमिनीवर खडूने नकाशा काढून सावत्र मुलाशी शिशाच्या शिपायांची युद्धं खेळायचा. एच. जी. वेल्सने १९१३ साली या खेळाचं पुस्तकच लिहिलं, ‘लिटल वॉर्स’. पुढच्याच वर्षी खरं महायुद्ध सुरू झालं. युद्ध हवंच असेल तर ते असं खेळण्यातलं असावं, असं त्याचं मत होतं. नंतर टोनी बाथ या इंग्रज गृहस्थाने हायबोरिया या काल्पनिक खंडावर वर्षानुवर्षं मोहीम चालवली. वेगवेगळे खेळाडू वेगवेगळ्या देशांचे राजे.

हा ‘मोहीम’ शब्द लक्षात ठेवा. सुटी लढाई एका दुपारी संपते, सगळे शिपाई खोक्यात जातात, पुढच्या वेळी पुन्हा ताजे. मोहिमेत तसं नाही. आज पडलेला शिपाई पुढच्या लढाईतही नसतो. बँकेच्या भाषेत सांगायचं तर शिल्लक पुढे ओढली जाते.

नातवाच्या नकाशावर तीन राज्यं होती. उत्तरेचं त्याचं, दक्षिणेचं त्याने मला दिलं. मधलं छोटं राज्य माझ्या नऊ वर्षांच्या नातीचं. तिला लढाईत रस नव्हता. ती तटस्थ होती आणि वही ठेवत होती. मला आणि नातवाला प्रत्येकी शंभर शिपाई. वीस-वीसांच्या चार पायदळ पलटणी आणि दहा-दहांच्या दोन घोडदळाच्या तुकड्या. प्रत्येक पलटण किंवा तुकडी आठवड्याला एक पोतं धान्य खाणार.

माझी फौज नदीकडे न्यायला दोन वाटा होत्या. एक माझ्या हद्दीतून, लांबची. दुसरी नातीच्या शेतांमधून, जवळची. मी जवळची घेतली. दोन आठवडे तिथे मुक्काम केला आणि बारा पोती तिथलीच वापरली. तटस्थ राज्याला विचारावं असं मनातही आलं नाही. ती बाजूला चित्र रंगवत होती. तिने वहीत काहीतरी लिहिलं, एवढं दिसलं.

मग पुलाची लढाई झाली. टेप घेऊन पायदळाने सहा इंच चालायचं, घोडदळाने बारा. गोळीबाराला फासे टाकायचे, पाच किंवा सहा पडला की समोरचा एक शिपाई पडला. पलटणीतले निम्म्याहून जास्त पडले की दोन फासे टाकून बेरीज आठ किंवा जास्त आली तरच बाकीचे टिकणार, नाहीतर पळणार. छत्तीसातल्या पंधराच शक्यता अनुकूल, हा हिशेब मी लगेच केला.

पुलावर माझी एक पलटण. नातवाने समोरून जोर लावला आणि उतारावरून घोडदळ उतरवलं. वीसातले चौदा पडले. “आबा, मागे घे त्यांना,” तो म्हणाला. शत्रूच मला सल्ला देत होता! मी म्हटलं, “पूल सोडणार नाही.” फासे टाकले. पाच आणि चार, नऊ! सहा शिपाई टिकले, माझं घोडदळ आलं, आणि नातवाने शांतपणे फौज मागे घेतली. मी जिंकलो. स्वयंपाकघरातून सौ. बाहेर आली, इतका मी ओरडलो.

रात्री त्याने हिशेब मांडला. माझे पंचेचाळीस पडले, त्यातले एक तृतीयांश बरे होऊन परत येणार, म्हणजे पंधरा. शिल्लक सत्तर. त्याचे एकवीस पडले, सात परत. शिल्लक शहाऐंशी. “आबा, यू वन,” तो म्हणाला, “पण आता पुढच्या वेळी तू काय करणार?” आयुष्यभर ताळेबंद तपासलेल्या माणसाला हा प्रश्न चौदा वर्षांच्या मुलाने विचारावा!

पुढच्या लढाईत मी मागे हटलो. तिसऱ्यात राजधानीवर वेढा पडणार हे दिसत होतं. एकच उपाय उरला, नातीशी तह. तिची ताजी फौज मिळाली असती तर पारडं फिरलं असतं. मी तिच्यासाठी चॉकलेट घेऊन गेलो. तिने वही उघडून दाखवली. ‘आबा, १२ पोती.’ त्याखाली काही नाही. मी हसत म्हटलं, “अगं, खेळच तर आहे.” ती म्हणाली, “मग विचारायचं ना आबा. मी हो म्हटलं असतं.”

दादाने मात्र पहिल्याच आठवड्यात तिला पत्र लिहून रस्ता मागितला होता. ती त्याच्या बाजूने गेली. चौथ्या रविवारी माझी राजधानी पडली.

आता मी हे तुम्हाला का सांगतोय?

आपल्या संस्थेला पंचवीस वर्षं झाली. बाराव्या-तेराव्या वर्षी मी सचिव होतो. निधी एकाच कामापुरता होता. लिफ्ट सारखी बंद पडत होती आणि गच्ची गळत होती. लिफ्ट आधी करावी असं माझं मत होतं, आणि आजही मला ते चूक वाटत नाही. वरच्या मजल्यावरचे एक सभासद गच्चीसाठी तीन पावसाळे अर्ज देत होते. मी विशेष सभा बोलावली. नोटीस नियमाप्रमाणे लावली. कोरम नव्हता, म्हणून सभा अर्धा तास तहकूब करून पुन्हा घेतली. ठराव मंजूर. कागदोपत्री एक काना-मात्रा चुकलेली नाही.

पण ते सभासद त्या आठवड्यात मुलीच्या बाळंतपणासाठी परगावी गेले होते, आणि हे मला माहीत होतं. तारीख मी ठरवली होती. आज पहिल्यांदा चारचौघांत हे बोलतो आहे.

मी सभा जिंकलो. लिफ्ट झाली. ते परत आले, नोटीस बोर्ड वाचला, आणि एक शब्द बोलले नाहीत. नंतर सभेला आले नाहीत, गणपतीच्या आरतीला आले नाहीत. ते स्थापत्य अभियंता. पुढे इमारतीच्या तपासणीच्या वेळी आपल्याला घरातल्या जाणत्या माणसाची फार गरज होती. मी निरोप पाठवला. उत्तर आलं, “संस्थेने नियमाप्रमाणे करावं.” तेव्हा मला त्यांचा राग आला होता. त्यांचीही बारा पोती माझ्या नावावर मांडलेली होती, हे समजायला नातीची वही बघावी लागली.

इंग्लंडहून आल्यावर मी जिना चढून वर गेलो. लिफ्टने जाववेना. त्यांनी दार उघडलं. मी म्हटलं, “त्या सभेची तारीख मी मुद्दाम ठेवली होती.” ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मला आतल्या खोलीत नेलं. माळ्यावर एक निळी बादली होती. “चार वर्षं ही पलंगावर ठेवत होतो,” म्हणाले. “बसा. चहा टाकायला सांगतो.”

सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही. चौदा पडलेले शिपाई एका चहाने उभे राहत नाहीत. पण तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल, गेल्या महिन्यात गच्चीच्या कामाची पाहणी करायला कंत्राटदाराबरोबर ते आले होते. आज ते पाचव्या रांगेत बसले आहेत. नाव घेणार नाही, त्यांना आवडायचं नाही.

शेजार ही सुटी लढाई नसते हो, मोहीम असते. तीच माणसं, तोच जिना, पुढच्या वर्षी पुन्हा तीच सभा. पुनर्विकासाची चर्चा आता सुरू होते आहे. ठराव बहुमताने होतीलच, व्हायलाही हवेत. फक्त जे नाही म्हणतायत त्यांना आधी विचारून घ्या, आणि ते गावात असताना सभा घ्या, एवढीच माजी सचिवाची विनंती.

निघताना नातवाने पुलावरच्या त्या सहा जणांतला एक शिपाई मला दिला. तो मी सोबत आणला आहे. मुलांनो, दिवाळीत किल्ला बांधाल तेव्हा त्याला बुरुजावर जागा द्या. आणि मोहीम खेळायची असेल तर रविवारी सकाळी माझ्याकडे या. टेप आणि फासे आहेत. वही तुम्ही आणा.